चुलीमागची खोली

मुकुंद ढोमणे ज्या दाराने आत जातात, त्याच दाराने बाहेर येतात. एरवी हे सांगण्याजोगेही नव्हते. पण ज्या काळाविषयी मी लिहीत आहे, त्या काळात आयर्लंडमधल्या प्रत्येक दुकानात, दवाखान्यात आणि कचेरीत जमिनीवर पिवळे बाण चिकटवलेले होते. इकडून आत, तिकडून बाहेर. माणसाने माणसाच्या समोर म्हणून यायचे नाही. सगळा देश त्या बाणांवरून निमूटपणे चालत होता. ढोमणे चालत नव्हते.

माझा नवरा सतीश आणि ढोमणे लस घ्यायला एकाच दिवशी गेले होते, त्यामुळे तिथला प्रसंग मला साक्षीदाराकडून कळला. लस टोचून झाली, खुर्चीवर बसून ठरलेला वेळ काढून झाला, आणि ढोमणे उठून उलट दिशेने निघाले. पिवळे जाकीट घातलेल्या एका वयस्कर बाईंनी त्यांना अडवले.

“बाहेर जायचा रस्ता तिकडे, सर.”

“मी इकडून आलो होतो.”

“सगळेच इकडून आले होते.”

“पाहुणा आला त्या दाराने परत गेला नाही, तर घराचं भाग्य सोबत घेऊन जातो. ही तुमचीच रीत आहे, मॅडम. माझी नाही.”

बाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिले. मागे रांग थबकली होती. सतीश भिंतीवरची सूचना मन लावून वाचू लागला, कारण अशा वेळी आपण एकमेकांना ओळखत नाही असे दाखवणे हाच मैत्री टिकवण्याचा मार्ग असतो.

“माझी आजी अगदी असंच म्हणायची,” बाई म्हणाल्या. “जा. पण पटकन जा, आणि दारापर्यंत श्वास घेऊ नका.”

ढोमणे श्वास रोखून गेले. आमच्या क्लेअर परगण्याचे भाग्य त्या दिवशी जागच्या जागी राहिले.

ढोमणे आमचे नात्याचे कोणी नव्हेत. शॅननच्या औद्योगिक वसाहतीत सतीश ज्या कंपनीत आहे, तिथेच ते दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचे काम करतात. मूळचे वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे. वय पन्नाशीपलीकडचे, लग्न केलेले नाही. आर्वीला आई एकटी असते. साथ येण्याच्या आदल्या वर्षी त्यांनी शॅननमधला चांगला, गरम पाण्याचा, दुहेरी काचांचा फ्लॅट सोडला आणि तिथून जवळच्याच एका खेड्याच्या टोकाला एक जुने, पडीक घर विकत घेतले. सतीशने त्यांना विचारले होते, “पण का?” त्यावर ते जे म्हणाले, ते पुढे मी इतक्या वेळा ऐकले की झोपेतही म्हणू शकेन: “यामागे कारण आहे.”

घर म्हणजे मालगाडीचे तीन डबे एका ओळीत उभे करावेत तसे होते. मध्ये स्वयंपाकघर, त्यात जमिनीलगत उघडी चूल. पूर्वेला निजायची खोली. चुलीच्या भिंतीपलीकडे, पश्चिमेला, आणखी एक खोली. पण तिचे छप्पर केव्हाच खाली बसले होते आणि आत काटेरी झुडपे मोकळेपणाने राहत होती. भिंती दगडमातीच्या, हात घातला तर कोपरापर्यंत आत जाईल इतक्या जाड. उरलेल्या छपरावरचे गवत जाऊन तिथे पत्रे आले होते आणि कोणीतरी त्यांना लाल रंग दिला होता. घराला समोरासमोर दोन दारे होती, आणि ती इतकी ठेंगणी की सहा फुटी ढोमण्यांच्या कपाळावर कायमची एक आडवी खूण असे.

“दार ठेंगणं आहे, यामागे कारण आहे, वहिनी. वारा उंचावरून येतो.”

“आणि दोन दारं?”

“वारा ज्या बाजूने, ते बंद. दुसरं उघडं. उगाच नव्हते करत ते लोक.”

“मग दोन्ही बाजूंनी वारा आला तर?” सतीशने विचारले.

ढोमण्यांनी त्याच्याकडे, कोणी हास्यास्पद शंका काढल्यावर परीक्षक पाहतो तसे पाहिले.

या घराविषयीचे ज्ञान त्यांना शेजारच्या मायकलकडून मिळत असे. मायकल सत्तरीचा, निवृत्त, अशाच घरात जन्मलेला. आता तो पलीकडच्या प्रशस्त बंगल्यात राहत होता, जिथे फरशीखालून गरम पाणी फिरते आणि खिडक्या जमिनीपासून छतापर्यंत आहेत. “माझी अर्धी हयात त्या घरातून बाहेर पडण्यात गेली,” तो आम्हाला कुंपणावरून म्हणाला, “आणि हा बाबा पैसे मोजून आत शिरला. पण माणूस ग्रँड आहे. नुसता वेडा आहे, बाकी ग्रँड आहे.” इथे ‘ग्रँड’ म्हणजे ठीक, छान, उत्तम, सगळेच. मायकलला जे विसरायचे होते ते सगळे ढोमणे त्याला विचारून घेत, आणि पाळत. घर वाढवायचे तर लांबीत वाढवावे, रुंदीत कधीही नाही. पहिली राख घराबाहेर टाकताना वाऱ्याकडे तोंड करू नये. त्यातल्या काही रीती मायकलने कंटाळा आला म्हणून तिथल्या तिथे बनवल्या असाव्यात असा सतीशचा संशय आहे.

घोड्याच्या कवटीची रीत मात्र खरी होती. पूर्वी चुलीसमोरच्या फरशीखाली घोड्याची कवटी पुरत, म्हणजे नाचणाऱ्यांच्या पायांचा आवाज घुमतो. हे कळल्यावर ढोमण्यांनी, ज्यांनी आयुष्यात अंडेही खाल्लेले नाही, गावातल्या दुकानात जाऊन मास्कआडून विचारले की घोड्याची कवटी कुठे मिळेल. काउंटरमागच्या बाईंनी क्षणभर विचार करून सांगितले, “या आठवड्यात आल्या नाहीत.”

“पण तुमच्या घरी नाचणार कोण आहे, भाऊजी?” मी विचारले.

“कोणी नाही,” ते म्हणाले. “पण उद्या कोणी आलं, तर आवाज यायला नको का?”

तेव्हा घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जाण्याची परवानगी नव्हती. सतीश सकाळपासून जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसे. मी त्याच टेबलाच्या उरलेल्या कोपऱ्यात भाजी चिरत असे. दिवस एकमेकांसारखे येत आणि एकमेकांसारखे जात, आणि संध्याकाळी दोघांनाही काही न करता आलेला थकवा असे. त्या वर्षी आमच्या नकाशावर जाण्यासारखे एकच ठिकाण उरले होते, आणि ते ढोमणे होते. कोणाच्या घरात शिरायचे नाही असा नियम होता, म्हणून आम्ही अंगणात उभे राहत असू आणि ते अर्ध्या दाराआड. त्यांच्या दाराचे वरचे आणि खालचे पान वेगळे होते. वरचे उघडून खालचे लावून घेतले की उजेड आत, कोंबड्या बाहेर. “बघा,” ते खालच्या दारावर कोपरे टेकून म्हणत, “सोशल डिस्टन्सिंग. इथल्या लोकांनी आधीच करून ठेवलंय.” कोंबड्या त्यांच्याकडे नव्हत्या. आम्ही होतो.

पण एवढ्या सगळ्या खटाटोपामागचे कारण पश्चिमेच्या खोलीत होते. ते मला त्यांनी पहिल्याच हिवाळ्यात सांगितले, आणि सांगताना त्यांचा नेहमीचा परीक्षकी सूर नव्हता.

पूर्वी मुलाने घर हाती घेतले की म्हातारे आईवडील त्या खोलीत राहायला जात. घर मुलाचे, शेत मुलाचे. पण ती खोली त्यांची, आणि चुलीजवळची जागाही त्यांची. चूल त्याच भिंतीला टेकलेली असल्यामुळे ती खोली साऱ्या घरात सर्वांत उबदार. “म्हाताऱ्या माणसाने उठून लाकूड घालायचं नाही, फुंकायचं नाही, काही नाही,” ढोमणे म्हणाले. “चूल मुलाने सांभाळायची. ऊब भिंतीतून आपोआप आईकडे जाते. वहिनी, हे मला मायकलने सांगितलं, त्याच दिवशी मी घर घेतलं.”

आईला त्यांनी फोनवर हे सांगितले, तेव्हा तिने दोन गोष्टी म्हटल्या. पहिली: “होऊ दे ना बापा खोली. झाली का येतो मी.” आणि दुसरी, जी ढोमण्यांनी आम्हाला सांगितली नसती, पण फोन स्पीकरवर होता: “पण रीत कशी हाय तिथली? पोराचं लग्न झाल्यावर माय तिकडच्या खोलीत जाते ना? मंग पहिले लग्न कर.”

त्यांच्या वऱ्हाडी मराठीची सवय नसलेल्यांना सांगायला हवे, की तिकडच्या बायकाही स्वतःबद्दल बोलताना ‘येतो’, ‘जातो’ म्हणतात. त्या बोलण्यात एक प्रकारचा दरारा येतो. ढोमणे आईशी बोलू लागले की त्यांची पुण्यामुंबईकडची, कचेरीतली मराठी गळून पडत असे आणि ते आठवीतल्या मुलासारखे ताठ उभे राहत.

तेव्हापासून त्या खोलीवर त्यांचे सारे शनिवार-रविवार गेले. बांधकामाचे कामगार मिळत नव्हते. मिळाले असते तरी त्यांना सिमेंट वापरायचे होते, आणि सिमेंटने जुन्या भिंतीचा श्वास कोंडतो असे ढोमण्यांचे म्हणणे होते. ते स्वतः चुना कालवत. मायकल कुंपणापलीकडून सल्ले देई आणि दर आठवड्याला विचारी, “आई कधी येणार?”

“विमानं सुरू झाली की.”

“ग्रँड,” मायकल म्हणे, आणि आकाशाकडे पाही. शॅननला विमानतळ असूनही तिथल्या आकाशात तेव्हा क्वचितच विमान असे.

छप्पर झाले. झुडपे गेली. आणि मग आईची तपासणी सुरू झाली. आर्वीहून व्हिडिओ कॉलवर ती खोलीचा कोपरान्‌कोपरा पाही.

“हे खिडकी हाय का भोक हाय रे? तुरुंगात ठेवतं का मले?”

“माय, इकडे वारा लय असते. लहान खिडकीमागे कारन हाय.”

“कारन तुह्यापाशी ठेव. मले आभाय दिसलं पाह्यजे.”

ज्या माणसाने एका खिडकीच्या मापासाठी तीन पुस्तके मागवली होती, त्याने ती खिडकी फोडून मोठी केली. मग पलंगाची बाजू चुकली. निजल्यावर पाय दक्षिणेला येत होते. चुलीच्या भिंतीलगत, ऊब मिळावी म्हणून मोठ्या कष्टाने बसवलेला लाकडी पलंग उखडून फिरवला गेला. मग फरशीचे दगड तिला खालीवर वाटले. मग दाराला उंबरा नव्हता. मग उंबरा होता, पण गुडघ्यांना उंच होता. आणि टर्फ, म्हणजे इथल्या दलदलीतून कापून वाळवलेले जळण, कॅमेऱ्यासमोर धरले तेव्हा ती म्हणाली, “ह्या तं गोवऱ्याच हायेत. एवढ्या दूर जाऊन गोवऱ्याच जाळून राह्यला का?”

“हे गिऱ्हाईक काम पसंत म्हणून साइन-ऑफ कधीच देणार नाही, ढोमणे,” सतीश म्हणाला.

“आई आहे ती,” ढोमणे म्हणाले. “क्लायंट नाही.” पण त्यांचे हात चुन्याने फाटले होते, आणि त्या दिवशी ते फार थकलेले दिसले.

पुढच्या वसंतात भारतातून येणाऱ्या बातम्या वाईट होत्या. आर्वीच्या गल्लीत ताप आला आणि आईलाही आला. एका दुपारी ढोमणे आमच्या इमारतीखाली येऊन उभे राहिले. मी पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली पाहिले. वर येता येत नव्हते, आणि एरवी आले असते तरी आमच्या फ्लॅटविषयी त्यांचे मत चांगले नव्हते. एकच दार असलेल्या घरात त्याच दाराने परत जाण्यात कसले पुण्य, असे ते म्हणत.

“आई कशा आहेत?”

“शेजारचे फोन उचलत नाहीत.”

ते तिथून हलले नाहीत. मी विचारले, “खोलीचं काम कुठवर आलं?”

“काही केलं नाही, वहिनी,” ते म्हणाले. “कुणासाठी करू?”

आई त्यातून उठली. सावकाश उठली. पहिल्या कॉलवर तिने श्वास घेत घेत विचारले की भिंतीचा रंग असा पिवळट का, आणि ढोमण्यांनी त्याच संध्याकाळी चुना कालवला.

उन्हाळ्यात निर्बंध सैल झाल्यावर साथ आल्यापासून आम्ही प्रथमच त्यांच्या घरात पाऊल ठेवले. मी सोबत नेहमीप्रमाणे पाटवडी नेली होती, कारण विदर्भातल्या माणसाला दुसरे काय न्यावे हे मला अजून कळलेले नाही. सतीशला मायकलने कुंपणाशीच पकडले. आतल्या स्वयंपाकघरात चूल धुमसत होती. ढोमण्यांनी मला सरळ पश्चिमेच्या खोलीत नेले. मग ते बाजूला झाले.

खोली सुंदर होती. पांढऱ्याशुभ्र भिंती, फिरवलेला पलंग, त्यावर घट्ट ताणलेली रजई. मी चुलीकडच्या भिंतीला हात लावला. दगड कोमट होता.

खिडकीत फोन उभा केलेला होता आणि त्यात आई होती. ढोमणे “जळण आणतो” म्हणून मागच्या शेडकडे गेले.

“कोन हाय तिथी?” आईने विचारले.

“मी, आई. सतीशची बायको.”

“पाटवडीवाली?”

“हो.”

“गेला का तो?”

“जळण आणायला गेलेत.”

“जवळ ये माय जरा. हळू बोल.” तिने स्वतःचा चेहरा फोनच्या इतका जवळ आणला की मला फक्त कपाळ आणि चष्मा दिसू लागला. “आयक. मी काई येत नाई आता. दोन पायऱ्या चढलो का दम लागते. इमानात कशी बसू? डाक्टरनंही नाईच म्हटलं.”

कोणाच्या घरातले असे काही ऐकण्याची मला सवय नाही. “त्यांना सांगायला हवं ना, आई,” मी कसेबसे म्हटले.

“काहून? खोली अधुरी हाय तवरक त्याच्या हाताले काम हाय. झाली का बसन चुलीपुढं एकटा. म्हनून तं मी चुका काढतो बाई.” ती थांबली, श्वास घेतला. “ते पहिलेची खिडकी चांगली होती. लहानशी. मले लय आवडली होती.”

शेडचे दार वाजले.

“त्याले सांगू नोको,” ती म्हणाली. “मी चहा पिऊन पुन्हा पाहतो म्हनाव.” आणि फोन बंद झाला.

ढोमणे जळण ठेवून हात झटकत आत आले. त्यांना आईच्या देवांसाठी एक फळी लावायची राहिली होती. तेवढी झाली की खोली पूर्ण, असे ते म्हणाले. मी पलंगाच्या कडेला बसून राहिले. त्यांनी फळी खुंट्यांवर टेकवली, स्क्रू आवळले, आणि तिच्यावर गवंड्यांकडे असते तशी लेव्हलची बाटली आडवी ठेवली. आतला बुडबुडा हलला आणि बरोबर दोन रेघांच्या मध्ये येऊन थांबला. एक केसाचाही फरक नव्हता.

ढोमणे त्याच्याकडे पाहत राहिले. मी तिथे आहे हे ते बहुधा विसरले होते. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला, डावीकडचा स्क्रू जरासा सैल केला, फळी अंगठ्याने खाली दाबली आणि पुन्हा पाहिले. बुडबुडा उजवीकडे सरकला होता. त्यांनी बाटली खिशात टाकली आणि आर्वीला फोन लावला.

“हं, माय. पाह्य. झाली पूर्न.”

आईने बराच वेळ पाहिले.

“फळी वाकडी हाय.”

“कोठी?”

“डाव्या बाजूनं उतरली ना रे. सारे देव घसरतीन माह्ये. कायचे इंजिनेर झाले बापा तुम्ही लोकं!”

“हो हो. काढतो. उद्या पुन्हा लावतो.”

“उद्या दाखवजो मले.”

“दाखवतो.”

मला वाटले, आता ते फोन ठेवतील. पण आईचा चष्मा पुन्हा जवळ आला.

“आन तो खाली, पलंगापाशी, भितीवर डाग कायचा हाय?”

हा डाग ढोमण्यांच्या योजनेत नव्हता. ते खरोखरच चपापले. फोन हातात धरून ते गुडघ्यांवर बसले आणि पलंगाशेजारच्या भिंतीजवळ डोके नेऊन पाहू लागले. मीही वाकून पाहिले. भिंत नुकत्याच दिलेल्या चुन्याने पांढरीशुभ्र होती. तिथे काहीही नव्हते.

ढोमण्यांनी त्या भिंतीवरून हळूच तळहात फिरवला, एकदा, आणि पुन्हा एकदा.

“हाय, माय,” ते म्हणाले. “हाय खरा.”